मॉडेल रेल्वेच्या डब्यांतले दिवे: कोणत्या काळाला कोणता रंग?

खंडाळा_लूप

नमस्कार मंडळी,

एचओ मापात (१:८७) कर्जत–लोणावळा घाटमार्गाचा एक छोटा देखावा बांधतोय. काळ १९८०च्या आसपास, वेळ दिवेलागणीनंतरची. गाडी साधीच आहे: विटकरी रंगाचे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) डबे, त्यात जनरल, थ्री टियर आणि एक फर्स्ट क्लास. रूळ, खांब, घाटाचे डोंगर सगळं झालं, आता डब्यांत दिवे घालायचेत आणि तिथंच अडलोय.

दुकानात एलईडीची पट्टी मागितली की 'वॉर्म' आणि 'कूल' अशा दोनच जाती पुढे येतात. वॉर्म लावली तर अख्खी गाडी लग्नाच्या मांडवासारखी दिसते. कूल लावली तर डबा कालपरवा कारखान्यातून आल्यासारखा. जुने रंगीत फोटो शोधले तर गोंधळ आणखी वाढला. एका फोटोत खिडक्या नारिंगी, दुसऱ्यात चक्क हिरवट. यातलं खरं काय मानायचं? आणि सगळ्या डब्यांत एकच रंग ठेवायचा की वेगवेगळा?

---

कर्वेरोड_जंक्शन

वाचतोय. माझ्याकडे ब्रिटिश डबे आहेत (ओओ माप), प्रश्न तोच. जाणकार मंडळी येऊ द्या.

---

टिकटिक_सिग्नल

खंडाळा_लूप, आधी रंग ठरवू नका. आधी काळ, मग त्या काळी डब्यात कोणत्या जातीचा दिवा होता ते, आणि मग रंग. उलटीकडून गेलात की फसलात.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस. मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा १९०० केल्विनच्या आसपास येतो. सुरुवातीचे कार्बनच्या तारेचे बल्ब त्याच्या थोडेसेच वर. टंगस्टनचा साधा बल्ब २७०० आणि कमी दाबावर (व्होल्टेजवर) चालला तर २४००-२५००. आपल्याकडच्या घरोघरच्या ट्यूब बहुतेक ६५००च्या, थोड्या ४०००च्या. म्हणजे दुकानातली 'वॉर्म' पट्टी (बहुधा ३०००) ही नव्या, पूर्ण दाबावरच्या बल्बपेक्षाही थोडी पांढरीच असते. ती तुम्हाला मांडवासारखी दिसते त्याचं कारण रंग नाही. ती प्रमाणाबाहेर प्रखर आहे.

माझं मत सरळ आहे: दहापैकी नऊ मॉडेलं रंग चुकल्यामुळे खोटी वाटत नाहीत, उजेड जास्त असल्यामुळे वाटतात. आधी उजेड पार उतरवा आणि मग रंगाचं बोला.

---

घोरपडी_यार्ड

टिकटिक यांचं बरोबर आहे. मी निवृत्त ट्रेन लायटिंगवाला. हयात सेल, बेल्ट आणि डायनामोत गेली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जुन्या डब्यांत २४ व्होल्ट डीसी असायचं. डब्याखाली डायनामो, तो चाकाच्या आसावरून पट्ट्यानं फिरणार, आणि शेजारच्या पेटीत बॅटरीचे सेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या स्टोन कंपनीनं ही पद्धत बसवली आणि तीच आपल्याकडे कितीतरी दशकं चालली. गाडी वेगात असली की डायनामो दिवे पोसतो आणि सेलही चार्ज करतो. गाडी थांबली की सगळा भार सेलवर. सेल जुने झालेले असले की स्टेशनात उभ्या गाडीतले दिवे मंदावायचे. गाडी सुटून वेग घेईस्तोवर ते तसेच.

आता रंगाचं. साध्या बल्बचा दाब १० टक्के उतरला तर उजेड साधारण ३० टक्के उतरतो आणि सोबत रंगही तांबूस होतो. म्हणून त्या काळातला एकच असा 'खरा' रंग नव्हताच. चांगल्या सेलचा डबा पिवळा, शेजारचा दमलेल्या सेलचा तांबूस, आणि मधेच एखाद्याचा पट्टा तुटलेला म्हणजे तो जवळजवळ अंधारात. प्रत्येक डब्याचं आपलं स्वतंत्र वीजघर होतं, त्यामुळे एकाच गाडीत हे तिन्ही नमुने बघायला मिळत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: सगळ्या डब्यांत एकसारखा उजेड ठेवाल तर १९८० साल दिसणार नाही.

पुढे ११० व्होल्ट आलं. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, सोबत रेक्टिफायर-रेग्युलेटर. बिगरवातानुकूलित डब्याला ४.५ किलोवॉटचा अल्टरनेटर आणि वातानुकूलित डब्याला २५ किलोवॉटचा. याच ११० व्होल्टवर ट्यूब आल्या, प्रत्येक ट्यूबला तिचा छोटा इन्व्हर्टर. हा बदल एका रात्रीत झाला नाही, जुने डबे जुन्याच व्होल्टवर वर्षानुवर्षं धावत राहिले. बल्बचा डबा आणि ट्यूबचा डबा एकमेकांना जोडलेले असणं यात नवल काहीच नव्हतं.

---

कर्वेरोड_जंक्शन

काका, हा प्रतिसाद म्हणजे मेजवानी. एक भाबडी शंका: बल्ब चोरीला जात नसत का?

---

घोरपडी_यार्ड

जायचे की. पण २४ व्होल्टचा बल्ब घरच्या २३० व्होल्टवर लावला तर क्षणात उडतो. चोराला हे एकदाच कळतं. आमच्या हिशेबात मात्र बल्ब गेलेलाच असायचा. सांगायचा मुद्दा, मॉडेलमध्ये एखादी खिडकी अंधारी ठेवायला लाजू नका.

---

फिल्मवाला_नारायणपेठ

फोटोंच्या गोंधळाबद्दल मी बोलतो, तो माझा प्रांत.

खंडाळा_लूप, तुम्ही पाहिलेले नारिंगी आणि हिरवट हे दोन्ही फोटो 'खरे' आहेत आणि दोन्ही तुम्हाला फसवतायत. त्या काळची सर्रास मिळणारी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडाला, म्हणजे ५५०० केल्विनला जुळवलेली असायची. तिच्यावर साधा बल्ब भडक नारिंगी उमटतो. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि तिच्या उजेडात ५४६ नॅनोमीटरला हिरव्या रंगाचा एक टोकदार उंचवटा असतो. डोळा तो पचवून टाकतो, फिल्म नाही पचवत. म्हणून ट्यूबचा डबा फोटोत हिरवा. प्रवाशाला तो कधीच हिरवा दिसला नव्हता.

याच्या उलट आजचा मोबाइल. त्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स पिवळ्याला ओढून पांढरा करतो. त्यामुळे आपल्या मॉडेलचा फोटो काढून तो जुन्या फोटोशी ताडून बघणं म्हणजे दोन खोटे साक्षीदार समोरासमोर उभे करणं.

तर जुन्या फोटोतून रंग घेऊ नका, मांडणी घ्या. दिवे छताच्या मध्यावर आहेत की बाजूला, किती अंतरावर, कोणत्या खिडक्या काळ्या, झडपा किती ओढलेल्या. हे फिल्म खोटं सांगत नाही.

---

सदाशिव_लोकल

एक स्पष्ट विचारतो, राग नसावा. एवढा कीस पाडून बघणार कोण? घरी आलेले पाहुणे गाडी फिरतेय यातच खूश असतात. २५०० की २७०० हे त्यांना सांगितलं तर चहा थंड होईल.

---

टिकटिक_सिग्नल

पाहुण्यांसाठी करत असतो तर बॅटरीवरची गाडी आणली असती, साहेब.

---

सदाशिव_लोकल

बरं. मग एक कामाचं सांगतो. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे ना (१९९८ पासून), तिथल्या खेळात मधेच रात्र होते. खोलीतले दिवे मंद झाले की मॉडेलमधले दिवे एकदम वेगळे दिसायला लागतात. रंग ठरवायचा तर ज्या उजेडात मॉडेल बघणार त्याच उजेडात ठरवा. टेबलावर पांढऱ्या ट्यूबखाली बसून 'पिवळं फार आहे' म्हणण्यात अर्थ नाही. त्या ट्यूबखाली कोणताही बल्ब पिवळाच दिसतो.

---

टिकटिक_सिग्नल

हे मात्र शंभर टक्के मान्य. तुम्ही विरोधक म्हणून आलात आणि धाग्यातला एक कळीचा मुद्दा मांडून गेलात.

---

रेझिस्टर_राणी

आता जोडणीकडे वळूया का? सगळे केल्विनमध्येच अडकलेत.

१२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा तुकडा असतो. मीटरला ६० एलईडीची पट्टी असेल तर तुकडा ५ सेंटीमीटरचा. आयसीएफ डब्याची लांबी २१.३ मीटर, एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. दोन्ही टोकांची दारं-संडास सोडले तर चार तुकडे पुरतात. नव्या जर्मन बनावटीचा एलएचबी डबा २३.५ मीटर म्हणजे २७ सेंटीमीटर, त्याला पाच.

डीसीसीवर (रुळातूनच डिजिटल हुकूम देऊन गाड्या चालवायच्या पद्धतीवर) रुळात साधारण १५ व्होल्ट असतात. ब्रिज रेक्टिफायर दीडेक व्होल्ट खातो. उरलेला सगळा दाब पट्टीला सरळ दिलात की तुकड्यामागे २५-३० मिलिअँपियर जातात आणि डबा सर्कशीचा तंबू होतो. तुकड्यामागे २ मिलिअँपियर भरपूर झाले. चार तुकड्यांना मिळून ८ म्हणजे पट्टीच्या आधी ६८० ओहमचा एक रेझिस्टर. त्याहून बरं म्हणजे तिथे ५ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) टाका, अंधारात बसून डबा-डबा वेगळा जुळवा. घोरपडीकाकांनी सांगितलेले चांगल्या आणि दमलेल्या सेलचे डबे तुम्हाला स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर मिळतील.

पण एक लक्षात ठेवा. बल्ब मंद केला की तांबूस होतो, एलईडी मंद केला तरी त्याचा रंग जवळपास तोच राहतो. म्हणून दमलेल्या डब्यासाठी नुसता प्रीसेट फिरवून भागणार नाही, पट्टीच आणखी पिवळी हवी. ती मिळत नसेल तर काच रंगवायचा पारदर्शक नारिंगी रंग एलईडीवर अगदी पातळ हातानं लावा. एक थर, वाळू द्या, बघा, मग दुसरा. घाईत जाड थर लागला तर सिग्नलचा दिवा होतो.

लुकलुकीसाठी ४७० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर. ८ मिलिअँपियरवर तो पाव सेकंदाहून थोडं जास्त तगतो, पॉइंटवरून (रूळ बदलायच्या सांध्यावरून) जाताना तेवढं पुरतं. त्याच्या मालिकेत १०० ओहम आणि रेझिस्टरला समांतर डायोड घाला, नाहीतर दहा डबे एकदम चार्ज व्हायला लागले की डीसीसीचं स्टेशन त्याला शॉर्ट समजून बंद पडतं.

सामान सगळं बुधवारातल्या तापकीर गल्लीत मिळतं. फक्त दुकानदाराला 'पिवळी' असं सांगू नका, तो खरोखर पिवळ्या रंगाची देईल. 'वॉर्म व्हाइट' म्हणा आणि जमलं तर तिथेच लावून बघा. रिळावर छापलेला आकडा आणि आतला उजेड यांची भेट होतेच असं नाही.

---

खंडाळा_लूप

राणीताई, हे तर छापूनच ठेवतो. मग माझ्या जनरल आणि थ्री टियरला बल्ब, फर्स्ट क्लासला ट्यूब असं करू का?

---

घोरपडी_यार्ड

चालेल. उलटं केलंत तरी कोणी खोडून काढू शकणार नाही, त्या वर्षांत दोन्ही होतं. पण ट्यूब दाखवायची तर केवळ पांढरी पट्टी नको. बल्ब ठिपक्यासारखा दिसतो, ट्यूब रेघेसारखी. रंगाइतकाच हा आकारही नजरेला काळ सांगतो.

---

रेझिस्टर_राणी

त्यासाठी ट्यूबच्या डब्यात सीओबी पट्टी (बारीक एलईडी खेटून बसवलेली सलग पट्टी), तिच्यात ठिपके दिसत नाहीत. बल्बच्या डब्यात सुटे एसएमडी (चपटे, छोटे एलईडी). थ्री टियरला ९ खण (७२ बर्थ), एचओमध्ये एकेक खण दोन-सव्वादोन सेंटीमीटरचा. तयार पट्टीतले एलईडी पावणेदोन सेंटीमीटरवर येतात, म्हणजे खणांशी जुळत नाहीत. छत काढून आत वाकून बघणाऱ्याला ते खटकेल, बाहेरून पाहणाऱ्याला नाही. फर्स्ट क्लासचे कूपे मात्र सुट्या एलईडीनेच करा. भिंती असल्यामुळे एक कूपे उजळ आणि शेजारचा अंधारा हे फक्त तिथेच शोभतं.

---

बोरीबंदर_१९३०

मी उलट्या टोकाचा माणूस. माझं चाललंय ते १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचं. सात-सात डब्यांचे दोन रेक, एक रुपेरी आणि तांबड्या पट्ट्यांचा, दुसरा निळा आणि सोनेरी रेघांचा. खालचे सांगाडे इंग्लंडचे, वरचे डबे जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) माटुंगा कारखान्यातले.

इथे दिव्याइतकाच महत्त्वाचा ठरतो आतला रंग. वार्निश केलेलं लाकूड निळा उजेड गिळतं आणि पिवळा-तांबडा परत फेकतं. तीच २७०० केल्विनची पट्टी लाकडी आतल्या बाजूत २४००ची वाटते, आणि फिकट हिरव्या किंवा क्रीम भिंतींच्या आयसीएफ डब्यात बरीच थंड. म्हणून आतला रंग देण्याआधी दिव्याचा निवाडा करू नये. नुसत्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सांगाड्यात लावून बघितलेला दिवा काहीच सांगत नाही.

आणखी एक. 'जितकं जुनं तितकं पिवळं' हा समज सोडा. कर्वेरोड यांच्याकडे ब्रिटिश डबे आहेत म्हणून सांगतो. तेलाच्या दिव्यानंतर पिंच यांचा दाबलेला तेलवायू आला, त्याची उघडी ज्योत पिवळीच होती. पण पुढे त्याच वायूवर जाळीचा मँटल बसवला गेला. आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८०च्या दशकात काढलेला तोच. मँटलचा उजेड पांढरा, किंचित हिरवटसुद्धा. त्याच वेळी विजेच्या डब्यात कार्बनच्या तारेचे तांबूस बल्ब. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'जुनाट' वायूचा डबा 'आधुनिक' विजेच्या डब्यापेक्षा पांढरा दिसू शकतो.

---

कर्वेरोड_जंक्शन

हे माहीतच नव्हतं. माझे डबे ब्रिटिश रेल्वेच्या मार्क-वन जातीचे आहेत हो, १९५१ नंतरचे.

---

बोरीबंदर_१९३०

मग डोक्याला ताप नाही. मार्क-वन म्हणजे टंगस्टनचे बल्ब. २५००-२७०० घ्या, मंद ठेवा, मजेत राहा.

---

नाइटलॅम्प_निळा

कोणीच निळ्या दिव्याबद्दल बोललं नाही! स्लीपरमध्ये रात्री जळणारा तो निळा नाइट लॅम्प. खंडाळा_लूप, थ्री टियरमध्ये टाकाच. झकास दिसेल.

---

टिकटिक_सिग्नल

दिसेल झकास, पण वेळ बघा. देखावा दिवेलागणीचा आहे. संध्याकाळी सात-आठला थ्री टियरमधले मोठे दिवे बंद करून कोण झोपतं? निळे दिवे शोभतील ते मध्यरात्रीनंतर पुणं गाठणाऱ्या कोल्हापूरच्या महालक्ष्मी एक्सप्रेसला. आणि डेक्कन क्वीनला तर मुळीच नकोत. ती मुंबईहून ५.१० ला निघून साडेआठच्या आत पुण्यात, झोपायला बर्थ आहेत कुठे?

---

नाइटलॅम्प_निळा

मग मी महालक्ष्मीच करतो. वाद मिटला. :)

पण तिथेही सगळा डबा निळा करायचा नाही हे मला कळतंय. एखादा तरी माणूस दिवा लावून पत्ते खेळत असतोच आणि वरच्या बर्थवरून कोणीतरी त्याच्यावर खेकसत असतं.

---

फिल्मवाला_नारायणपेठ

निळ्याची एक अडचण: निळा एलईडी डोळ्याला आणि मोबाइलला दोघांनाही फार टोचतो. खरा नाइट लॅम्प म्हणजे निळ्या काचेतला साधा बल्ब, त्याचा निळा मळकट असायचा. राणीताईंच्या हिशेबातल्या २ मिलिअँपियरच्याही पुष्कळ खाली उतरा.

---

कालची_एलएचबी

आजच्या काळाच्या मॉडेलवाल्यांनाही दोन ओळी द्या की. डेक्कन क्वीन २०२२ पासून एलएचबी झाली, माझ्याकडे तिचंच काम आहे.

---

घोरपडी_यार्ड

तुमचं सगळ्यांत सोपं. वीज इंजिनाकडून किंवा जनरेटर डब्याकडून ७५० व्होल्टवर सगळ्या गाडीला मिळते, उभ्या गाडीत मंदावणं नाही, डब्याडब्यांत फरक नाही. एकसारखा पांढरा उजेड. मात्र वातानुकूलित डब्याच्या खिडकीला रंगीत काच असते, तेवढी बाहेरून गडद दिसली पाहिजे. पांढरा दिवा तसाच ठेवून खिडकीच्या प्लास्टिकला हलका धुरकट रंग द्या.

---

खंडाळा_लूप

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या ठरवलंय ते असं: थ्री टियर आणि दोन जनरलला २५००च्या आसपासचे सुटे ठिपके, त्यातला एक जनरल नारिंगी थर देऊन दमलेल्या सेलचा. फर्स्ट क्लास आणि उरलेल्या एका जनरलला सीओबीच्या रेघा, पांढऱ्या पण मंद. छताच्या आतून आधी काळा आणि मग पांढरा रंग, नाहीतर विटकरी प्लास्टिकमधून उजेड झिरपतो (हे एका डब्यात आत्ताच दिसलं).

शिवाय बोगद्यांमुळे घाटात दिवे दिवसाही चालू ठेवता येतील, हा वरकड फायदा.

एकच अडचण राहिली. ४७०चा कपॅसिटर डब्यात कुठे लपवू? खिडक्यांतून तो पाण्याच्या पिंपासारखा दिसतोय.

---

रेझिस्टर_राणी

संडासात. आडवा बसतो आणि तिथल्या काचा दुधी असतात, आतलं काही दिसत नाही.

---

घोरपडी_यार्ड

बसवा, पण चारही संडास भरू नका. एकात तरी दिवा लागलेला हवा. रात्रीच्या गाडीत दुधी काच हमखास उजळलेली असते, आणि बाहेर रांगही.